सुटकेऐवजी भाकरी

१९०८ सालच्या जूनमध्ये लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि जुलैत सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्या दिवसांतली एक कथा दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथात आहे. टिळकांची सुटका व्हावी म्हणून त्यांचे स्नेही कोल्हटकर शेगावला गजानन महाराजांकडे आले. महाराजांनी सुटकेचा शब्द दिला नाही. शिक्षा टळणार नाही, पण तिच्यातून मोठं काम उभं राहील, एवढंच सांगितलं आणि टिळकांसाठी प्रसाद म्हणून भाकरी पाठवली.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या घरी पोथी नाही असं घर शोधावं लागेल, आणि पंधराव्या अध्यायाला आलं की घरातलं कुणीतरी टिळकांचं नाव ऐकून मान वर करतंच. पण या कथेतली खरी गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. माणूस संताच्या दारात जातो तो संकट टळावं म्हणून. इथे संत स्पष्ट सांगतो की ते टळणार नाही, आणि वाटेसाठी शिदोरी देतो. भीतीच्या वेळी देवाकडून काय मिळतं, याचं इतकं खरं उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही.

संग्रामपूर तालुक्यात आमचं गाव. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, वरण शिजता शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. या पट्ट्यात किडनीच्या आजारानं किती घरं पोखरली ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. डॉक्टर एकच कारण सांगत नाहीत, पण गावाचा संशय पाण्यावर आहे. माझ्या वडिलांच्या पायावर सूज आली तेव्हा त्यांना वाटलं, कपाशीत उभं राहून फवारणी केली म्हणून असेल. तपासण्या झाल्या आणि आठवड्यातून दोन डायलिसिस ठरले. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला. भीती मात्र कोणत्या योजनेत बसणार?

पहिल्या रात्री आई देव्हाऱ्यासमोर बराच वेळ बसून होती. मग उठली, पोथी लाल फडक्यात बांधली, पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "महाराजाले सांगून झालं. आता उद्याची पह्यली गाडी सापडली पाह्यजे." पहाटे वरवट बकालच्या फाट्यावर आम्ही तिघं उभे होतो.

तिचा नेम त्या दिवशी सुरू झाला. बाबांना आत मशीनवर घेतलं की ती बाहेरच्या बाकावर बसायची आणि एक अध्याय वाचायची. एक म्हणजे एकच. उरलेला वेळ इतर बायकांशी बोलण्यात जायचा. कुणाचं औषध संपलं, कुणाची एसटी चुकली, कुणाला लिहिता येत नाही म्हणून अर्ज अडला, सगळं तिला माहीत असायचं. खुणेसाठी पानात एसटीचं तिकीट. एकवीस अध्याय, आठवड्याला दोन. साडेदहा आठवड्यांत एक पारायण.

मला त्या वेळी राग यायचा. एकदा विचारलंच, "आई, तू मांगतं काय त्याईले?" ती म्हणाली, "मांगाचं काय त्यात? आजचा दिस निभू दे म्हनतो, बस." मला वाटायचं, हिनं पुरेसं मागितलंच नाही. बाबा बरे व्हावेत असं का मागत नाही? आज कळतं की तिनं टिळकांच्या कथेतली भाकरी ओळखली होती, आणि मी अजून सुटकेसाठी अडून बसलो होतो.

श्रद्धेवर बोलताना आपण नेहमी चमत्काराकडे जातो. होकारवाले चमत्काराचा दाखला देतात, नकारवाले त्याच चमत्कारावर बोट ठेवतात. दोघांच्याही हातून मधला मोठा मुलूख सुटतो. अकोलीच्या कोरड्या विहिरीला महाराजांनी पाणी आणलं ही कथा आमच्या भागात सर्वांत लाडकी आहे, यात नवल नाही. जिथे गोडं पाणी हेच स्वप्न, तिथल्या माणसाचा चमत्कार पाण्याचाच असणार. पण आमच्या तालुक्याच्या नळाला जे गोडं पाणी आलं ते वान धरणावरच्या १४० गावांच्या पाणीपुरवठा योजनेतून, आणि त्यासाठी माणसांना वर्षानुवर्षं अर्ज करावे लागले, मोर्चे काढावे लागले. विहिरीची कथा ऐकत वाढलेलेच लोक त्या मोर्चात चालत होते. कथेनं त्यांना घरी बसवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ग्रंथातली मला सर्वांत जवळची कथा वेगळीच आहे. कृष्णाजी पाटलांच्या मळ्यात महाराज उतरले होते. तिथे ब्रह्मगिरी नावाचे गोसावी आले. गीतेवर बोलण्यात ते वाकबगार. आत्म्याला शस्त्र तोडत नाही, अग्नी जाळत नाही, या श्लोकावर त्यांनी निरूपण केलं. इकडे महाराज पलंगावर बसून चिलीम ओढत होते. ठिणगी पडली, पलंग पेटला. लोक धावले, तर महाराज उठेनात. त्यांनी ब्रह्मगिरींना बोलावलं की या, आत्ताच सांगितलेल्या श्लोकाची प्रचिती घ्या. गोसावी थरथर कापू लागले आणि शेवटी आपलं ज्ञान पोटापुरतं असल्याची त्यांनी कबुली दिली.

या कथेत सगळे पेटलेल्या पलंगाकडे बघतात. मी ब्रह्मगिरींकडे बघतो. त्यांना श्लोक येत होता, अर्थ येत होता, सांगायची हातोटी होती. ऐन वेळी यातलं काहीच हाती लागलं नाही. आपलीही तीच गत असते. देव आहे, तो पाठीशी आहे, हे आपल्याला पाठ असतं. रिपोर्टचं पाकीट उघडताना हात कापतो तो कापतोच. निर्भयता समजून घेता येत नाही, ती अंगवळणी पडावी लागते, आणि अंगवळणी पडायला नेमाची काहीतरी बारीकशी कृती लागते. आईचा अध्याय ही ती कृती होती. भीती मनाला पुढच्या सगळ्या वाईट शक्यता एकदम दाखवते. नेम त्याच मनाला सांगतो, आज नववा अध्याय, उद्या भाकऱ्या टाकायच्या, परवा पहाटेची गाडी. डोंगर तिथेच राहतो, पाय ठेवायला मात्र जागा सापडते.

पुढचं कळावं ही भीतीची पहिली भूक असते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा प्रकारची धान्यं, मधे खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. रात्रभर कुणी फिरकत नाही. पहाटे धान्य कसं हललं, ढेकूळ किती भिजलं ते पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही मांडणी पिढ्यान्पिढ्या चालू आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला ऐन उन्हाळ्यात तिथे जावंसं वाटतं यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. सगळं कर्ज एका पावसावर टांगलेलं असलं की माणूस कुठूनही खूण शोधतो. पण जाणून घेणं आणि भरवसा ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भाकीत चांगलं निघालं तर धीर, वाईट निघालं तर धसका. भरवसा ठेवणारा भाकीत काहीही निघो, मृगाच्या तोंडावर बियाणं घरात आणून ठेवतो.

भरवशाच्या नावाखाली माणसाचं नुकसान होतं तेही इथेच पाहिलंय, आणि ते सांगितलं नाही तर मी खोटं लिहिलं असं होईल. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. मन बिघडलेल्या आपल्या माणसाला घेऊन आलेले कितीतरी लोक तिथे दिसतात. त्या घरांना गावात कुणी दारात उभं करत नाही. तिथे त्यांना आपल्यासारखेच दुसरे भेटतात, एवढाच आधार त्यांना ओढून नेतो. त्या आधाराला मी नावं ठेवणार नाही. पण अशा आजाऱ्याला साखळी घालणं आणि औषधापासून तोडणं याला मी श्रद्धा म्हणणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंडाला बंदी आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत काढण्याच्या नावाखाली मारझोड करणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखणं हा गुन्हा आहे. माझा ठोकताळा साधा आहे. ज्या श्रद्धेनंतर माणूस पहाटेची गाडी गाठतो ती खरी. जी त्याला गाडीतून उतरवते, ती भीतीच आहे, देवाचे कपडे घालून आलेली.

टिळकांकडे परत येतो. भाकरीची कथा ग्रंथातली आहे, आणि ग्रंथ १९३९ सालचा, महाराजांच्या समाधीनंतर एकोणतीस वर्षांनी लिहिलेला. टिळकांनी शिक्षा भोगली त्या मंडालेच्या तुरुंगात काय घडलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. मधुमेहाचं दुखणं, परक्या मुलखातली हवा, शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या वह्या. १९१० च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहायला घेतलं, तेव्हा शेगावला ८ सप्टेंबर १९१० ला महाराजांनी समाधी घेऊन दोनेक महिने झाले होते. १९१२ मध्ये इकडे टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, त्यांचं अंत्यदर्शनही टिळकांना झालं नाही. १९१४ ला ते सुटले, १९१५ ला ग्रंथ छापून आला. शिक्षा टळली नाही, ती भोगावीच लागली. आणि कर्म करीत राहा, असं सांगणारा ग्रंथ त्याच कोठडीत पुरा झाला.

बाबा तेरा महिने काढून गेले. आईची पाच पारायणं झाली होती, सहाव्याचा नववा अध्याय वाचून झाला होता. मला वाटलं आता पोथी कायमची फडक्यात राहील. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी तिनं तिकिटाची खूण काढून दहावा अध्याय उघडला. मी काही विचारलं नाही. एकविसावा संपवून ती शेगावला गेली, मीही सोबत गेलो. दर्शनबारीत पांढऱ्या कपड्यातला एक सेवेकरी वाकून आईची चप्पल बाजूला करत म्हणाला, "माउली, सावकाश." बोलण्यावरून तोही आमच्यासारखाच शेतकरी वाटला, चार दिवस सेवेला आलेला. घरी त्याचंही काहीतरी अडलेलं असणारच. हजारो माणसं अशी पाळीपाळीनं येतात, फरशी पुसतात, पंगतीत वाढतात, दाम घेत नाहीत. शेगाव संस्थानाचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांनी आयुष्यभर ही घडी बसवली, आणि २०२१ साली ते गेल्यावरही ती विस्कटली नाही. स्वतःच्या काळजीत बुडालेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याच्या पंगतीचं वाढप दिलं की तेवढा वेळ काळजी त्याला सोडते, हे संस्थानाला कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण ते त्याला नेमकं कळलेलं आहे.

कारण भीतीचं खरं बळ एकटेपणात आहे. आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. २००६ साली पंतप्रधानांनी पॅकेज दिलं, त्यानंतरही कर्जमाफ्या झाल्या, २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं पुन्हा कपाशी खाल्ली. कापसाचा भाव, पीकविमा, पीककर्ज, हे प्रश्न देवावर सोपवणं हा देवाचाही अपमान आहे. ते सरकारचं काम आहे आणि त्याच्याकडूनच करून घ्यायचं आहे. पण ज्या रात्री एखादा माणूस कुणाशी न बोलता रानाकडे निघतो, त्या रात्री सरकार तिथे नसतं. त्या रात्री शेजारी असतो, नाहीतर कुणीच नसतं. गावातल्या हरिपाठाला रोज येणारा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी टाळकऱ्यांपैकी एक जण त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. देवानं भाकरी पाठवली असं म्हणतात ते मला अशा वेळी दिसतं. ती कुणाच्या तरी हातानंच येते.

आषाढी करून महाराजांची पालखी परत येते तेव्हा शेवटच्या दिवशी खामगावहून शेगावपर्यंत हजारो लोक तिच्यासोबत चालतात. सतरा-अठरा किलोमीटरची वाट, बहुधा पावसातली, दुतर्फा चहा-फराळ घेऊन उभी असलेली माणसं. तुम्ही जाणार असाल तर जाच. फक्त निघण्याआधी आपल्या गल्लीतलं एक दार वाजवा. ज्याचं पीक गेलंय, ज्याच्या घरात आजारपण आहे, जो कित्येक दिवस पारावर आला नाही, त्याला म्हणा, चल, बरोबर जाऊ. तो नको म्हणाला, तर तुमचं चालणं त्या वर्षापुरतं राहू द्या आणि त्याच्या ओट्यावर बसा.