भवानीची वेळ

आळ्यात एक शेतकरी आहे. कांदा पिकवतो, आळेफाट्याच्या बाजारात नेतो आणि संध्याकाळी घरी आला की ओट्यावर बसून एकच तक्रार करतो, "आपल्या मालाचा भाव आपण सोडून बाकी सगळे ठरवतात." तक्रार खोटी नाही. लिलावाला गोणी फोडायची, व्यापारी दोन कांदे हातात घेऊन पाहणार, आकडा पुकारणार आणि आपण मान हलवायची.

2024 च्या नोव्हेंबरात हा माणूस शेतकऱ्यांच्या एका गटाबरोबर तुर्कस्तानला गेला. अंतल्याची पॉलिहाऊस पाहून झाली, परतीच्या वाटेवर इस्तंबूलमध्ये एक सकाळ मोकळी मिळाली. आईसाठी काहीतरी न्यायचं होतं. आजवर बाहेरगावाहून आणलेली तिची भेट म्हणजे पंढरपूरचा बुक्का आणि चुरमुरे. या वेळी शाल घ्यायची, असं त्यानं विमानात बसतानाच ठरवलं होतं.

इस्तंबूलचा जुना बाजार सगळा छताखाली आहे. सुलतान दुसऱ्या मेहमेदानं 1453 मध्ये शहर जिंकलं आणि पुढच्या काही वर्षांतच हा बाजार उभा राहू लागला. आता तिथं साठाहून जास्त गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं आहेत. आपला माणूस पोचला तेव्हा कुठं दुकानं उघडत होती. एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्याला बसवलं, कमरेत आवळलेल्या काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा दिला आणि करड्या रंगाची एक मऊ शाल उलगडली. कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला : 900 लिरा. यानं दाबला 250.

इथं कुणी नाक मुरडू नये. त्या बाजारात घासाघीस न करता पैसे मोजणारा माणूस दुकानदारालाही चुकल्यासारखा वाटतो. आणि आपल्या मुलखाला तरी हे कुठं नवं आहे? जुन्नरच्या लेण्यांत परदेशी यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. त्यांतल्या एकानं पाण्याची दोन टाकी दिली. टाकी खोदणाऱ्या पाथरवटाशी त्यानं मजुरीवरून किती हुज्जत घातली, ते मात्र दगडावर कोरलेलं नाही.

आकडे पुढं सरकेनात आणि बोलायला भाषा नाही. तेव्हा आपल्या माणसानं तीच शाल दोघांच्या हातांवर टाकली आणि खाली म्हाताऱ्याची बोटं धरली. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात त्याचा बाप असाच सौदा करायचा. उपरण्याखाली बोटं धरायची, आकडा दोघांनाच कळायचा. म्हातारा आधी दचकला, मग खळखळून हसला. त्यांच्याकडच्या जनावरांच्या बाजारात हात झाकत नाहीत, उलट एकमेकांचा हात धरून खांद्यापासून गदागदा हलवतात. सौदा पटेपर्यंत सोडत नाहीत. त्यानंही तसाच हात हलवायला घेतला. एकानं बोटं दाबायची, दुसऱ्यानं हात हलवायचा, असं बराच वेळ चाललं. आपला माणूस तीनदा उठून दाराशी गेला, तीनदा परत आला. शेवटी 400 वर सुटलं.

दोनशेच्या दोन नोटा हातात पडल्यावर म्हातारा "सिफ्ताह" असं काहीसं पुटपुटला आणि त्यानं नोटा कपाळाला लावल्या. याला वाटलं, आभार मानतोय. यानंही हात जोडले.

घरी आल्यावर आईच्या मांडीवर शाल ठेवून त्यानं सगळी हकिगत रंगवून सांगितली. कॅल्क्युलेटर, चहा, दाराशी तीन फेऱ्या. आईनं बेल्ह्याच्या बाजारात चाळीस वर्षं पालेभाजी विकलेली. ती शालीवरून हात फिरवत ऐकत होती. नोटा कपाळाला लावल्याचं आलं तसा तिचा हात थांबला.

"दुकानात तुझ्याआधी कुणी आलं होतं?"

"नाही. नुकतंच उघडलं होतं."

"मग ती त्याची भवानी होती रे."

तो गप्प झाला. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ द्यायचं नाही, ही आईची रीत त्यानं लहानपणी तिच्या शेजारी बसून पाहिली होती. ती ओळखून दर सोमवारी उजाडता उजाडता येणारी, मेथीच्या जुडीमागं चार-आठ आणे तोडून नेणारी गिऱ्हाइकंही पाहिली होती. त्यांच्या पाठीमागं त्यानं तेव्हा शिव्याही घातल्या होत्या.

"तुझा बाप काय म्हणायचा?" आईनं विचारलं. "समोरच्याचा हात कोरडा आहे तोवर ओढ, ओला झाला की सोड. त्या माणसाचा हात कसा होता?"

त्याला आठवलं. शालीखाली शेवटी शेवटी ती बोटं दमट झाली होती. हलवणंही थांबलं होतं. ते त्याला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच त्यानं आणखी पन्नास तोडले होते.

"पण आई, मला त्याची भाषा कुठं येत होती?"

"रेड्याच्या समाधीच्या गावात राहतोस ना?" आई म्हणाली. "ज्ञानोबांनी रेड्याच्या तोंडून वेद बोलवले म्हणून आपण यात्रा भरवतो. आणि तुला धडधाकट माणसाचं बोलणं कळलं नाही?"

शाल घडी घालून ट्रंकेत गेली. रविवारी रात्री आईनं विचारलं, "तोडलेस किती, आपल्या पैशात?" पाचशे लिरांचे साधारण बाराशे रुपये होत होते. "ते दे."

सोमवारी पहाटे ती त्याला घेऊन बेल्ह्याला गेली. पाल्याच्या रांगेत पहिल्या बाईपुढं उभी राहिली. "भवानी झाली का गं?" झाली होती, ती पुढं गेली. दुसरीची व्हायची होती. सांगितला त्या भावानं आईनं दहा जुड्या घेतल्या. मग तिसरी, मग कोपऱ्यातला लिंबूवाला, मग मिरच्यांचा ढीग लावून बसलेलं एक पोरगं. कुठंही तिनं "कमी कर" म्हटलं नाही. मुलाच्या हातातल्या दोन पिशव्या भरल्या, तिसरी भरत आली.

"एवढी मेथी खाणार कोण?" त्यानं विचारलं.

आईचं लक्ष नव्हतं. मिरच्यावाल्या पोरानं शंभराची नोट घेतली, कपाळाला लावली, आणि मगच पोत्याखाली सारली. तो ते बघत राहिला. मांडवात लुकलुकणारे दिवे एकेक करून मालवत होते, पूर्वेला उजाडत होतं.

"गार आहे बाई आज," असं म्हणत आईनं पिशवीतून करडी शाल काढली आणि डोक्यावरून घट्ट लपेटून घेतली.