वाटा मागणारी निष्कामता

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत तो मुलाबरोबर आईचाही लागतो. गुण चांगले पडले तर आईने मेहनत घेतली, कमी पडले तर आईचे लक्ष नव्हते. शाळेतून भरलेला डबा परत आला, मूल चारचौघांत उलटून बोलले, ऑफिसातून यायला उशीर झाला, की तिची जोखणी पुन्हा सुरू होते. अशा बाईने आत्मविश्वास कसा कमवावा, याचे हल्ली ठरलेले उत्तर मिळते : पहाटे उठा, स्वतःसाठी वेळ काढा, छंद जोपासा, स्वतःचे कौतुक करायला शिका. सल्ला वाईट नाही. पण तो परीक्षा तशीच ठेवून आणखी एक पेपर वाढवतो. घर, मुले आणि नोकरी यांच्या जोडीला आता प्रसन्न राहण्यातही पास व्हायचे. मूळ प्रश्न याच्या अलीकडचा आहे : माणसाचे मोल त्याच्या कामाच्या निकालावरून ठरते का? माझ्या मते ठरत नाही. आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. निष्काम कर्माचा विचार त्यावरच उभा आहे. मात्र आईपर्यंत तो पोहोचला तो अर्धाच.

स्टीफन डार्वल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७७ साली आदराचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक आदर माणूस म्हणून असतो. तो मिळवावा लागत नाही, म्हणून गमावताही येत नाही. दुसरा गुणांबद्दल आणि कर्तबगारीबद्दल असतो. तो कमी-जास्त होतो. आत्मसन्मान पहिल्या प्रकारात बसतो, आत्मविश्वास दुसऱ्याच्या जवळ. गाडी चालवायचा आत्मविश्वास गाडी चालवूनच येतो आणि दहा वर्षे स्टिअरिंगला हात लावला नाही तर जातो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. घोटाळा होतो तो दोन्हींची सरमिसळ झाल्यावर. मग नोकरीत पडलेला खंड, बिघडलेला स्वयंपाक किंवा मुलाचा हट्ट हे सारे आपण कमी असल्याचे पुरावे वाटू लागतात. गीता कर्मावरचा अधिकार आणि फळावरचा हक्क यांत फरक करते, तो मन शांत राहावे म्हणून, असे सहसा सांगितले जाते. पण त्यातून एक कठोर निष्कर्षही निघतो : जे माझ्या हातात नाही, ते माझे माप होऊ शकत नाही. मुलाचा स्वभाव, शिक्षक, मित्र, प्रकृती, नशीब हे सगळे मिळून त्याचे गुण ठरतात. ते एकट्या आईच्या खात्यावर मांडणे हा हिशेबच चुकीचा आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की पती, पुत्र, धन हे सारे आत्म्यासाठीच प्रिय असते. तिथला आत्मा म्हणजे ‘मी’पणा नव्हे, हे खरे. तरीही त्यातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पुत्रामुळे आपल्याला मोल येते, असे तिथे एका स्त्रीला सांगितलेले नाही.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे : आपल्या संस्कृतीने आईला देवाच्या जागी बसवले, याहून मोठा सन्मान कोणता? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मातेचा गौरव पित्याच्या हजारपट सांगितला आहे. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही, असेही आहे. दोन्ही विधाने एका ग्रंथात सुखाने नांदतात, कारण पहिल्यात गौरव भूमिकेचा आहे, व्यक्तीचा नाही. भूमिकेचा गौरव सशर्त असतो. भूमिका वठवण्यात उणे पडलेल्या बाईला तो उपयोगी पडत नाही, उलट तिच्याविरुद्धच वापरला जातो. थॉमस हिल यांनी १९७३ च्या एका निबंधात अशा पत्नीचे उदाहरण घेतले, जी आपल्या सगळ्या आवडीनिवडी नवऱ्याच्या इच्छेखाली ठेवते आणि त्यात समाधानीही असते. हिल यांचा मुद्दा असा की तिची चूक सेवा करण्यात नाही. आपला नैतिक दर्जा इतरांच्या बरोबरीचा आहे, हेच ती ओळखत नाही. त्यागालाही हेच लागू आहे. जे आपले आहे तेच सोडता येते. ज्या वेळेवर आणि ज्या इच्छांवर बाईचा हक्कच कुणी मानलेला नाही, त्या गेल्या तर त्याला त्याग म्हणणे म्हणजे वसुलीला दानाचे नाव देणे. आत्मसन्मान हा त्यागाचा शत्रू नाही. त्याच्यावाचून त्याग शक्यच नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. निष्काम कर्म ही फुकट राबवून घेणाऱ्यांच्या सोयीची शिकवण नाही काय? राबणारीला ‘फळाची अपेक्षा नको’ म्हणून सांगितले की काम बिनबोभाट होते. संशय रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, तर ते करणारा पुरुष ८८; आणि मुळात हे काम करणारे पुरुषच अल्पसंख्य आहेत. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल याच्यापेक्षा वेगळी. असे असताना फक्त मन बदला म्हणणे ही फसवणूक होईल. पण गीता कोणत्या प्रसंगी सांगितली गेली, ते विसरून चालणार नाही. पांडवांचा झगडा वाट्यासाठी होता. पाच गावांवर तडजोड करायची त्यांची तयारी होती आणि तीही नाकारली गेली. आपला वाटा सोडून दे, असे कृष्ण अर्जुनाला सांगत नाही. रणातून निघून जाण्यापासून तर तो त्याला अडवतो. म्हणजे फळाची आसक्ती सोडणे आणि न्याय्य वाटणीचा आग्रह सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरुषाला ही शिकवण उभे राहण्यासाठी सांगितली गेली आणि बाईला मुकाट राहण्यासाठी. हा दोष सांगणाऱ्यांचा आहे.

मग घरकामाला पगार ठरवला की प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या सेवेचे मोल महिन्याला ३,००० रुपये धरले. हे पाऊल महत्त्वाचे होते, पण ती आकडेमोड आगीत मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या नुकसानभरपाईसाठी होती. पुढच्या अपघात-खटल्यांतही गृहिणीच्या कामाची किंमत काढली जाते ती बहुधा ती गेल्यावर. श्रमाची किंमत व्हायला हवी. ती न्यायाची बाब आहे. पण कांटने म्हटल्याप्रमाणे ज्या वस्तूला किंमत असते तिच्या जागी दुसरी ठेवता येते, प्रतिष्ठेचे तसे नाही. पगार मिळाला तर कष्टांची नोंद होईल. आपण कुणाहून कमी नाही, हे त्याने सिद्ध होणार नाही, कारण ते सिद्ध करण्याची गरजच नाही.

म्हणून उपदेशाचा क्रम उलटायला हवा. आत्मविश्वास मिळवा म्हणजे स्वतःचा आदर वाटेल, असे बायकांना सांगितले जाते. खरे तर आधी हे मान्य व्हायला हवे की तिचे मोल मुलाच्या गुणपत्रिकेवर आणि घरच्यांच्या पसंतीवर ठरत नाही. ते मान्य केलेली बाई वेळेची वाटणी मागू शकते, आणि मागताना तिला अपराधी वाटत नाही. वाट्याला आलेल्या वेळात ती जे शिकेल किंवा पुन्हा सुरू करेल, त्यातून आत्मविश्वास येईल. कधी येणार नाही, तरी तिचे काही उणे होणार नाही. आणि यातली मधली पायरी तिच्या एकटीच्या हातात नाही. तिच्या वेळेतला वाटा ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो परत केला नाही, तर तिला आत्मविश्वासाचे धडे देण्याचा अधिकार त्यांना राहत नाही.