सव्वादोन टन

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगेत दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळी करून ऊसतोडीला निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. परत येतात ती गुढीपाडव्याच्या आसपास. काही लेकरं आईबापांबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा तिथंच सुटते. काही आजीजवळ मागं राहतात. ही गोष्ट मागं राहिलेल्यांची.

अशाच एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग एका तरुण बाईंकडे होता. दिवाळीनंतर पालकसभेची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, गावात आहेच कोण? इतिवृत्त लिहून ठेवू, सह्या पाडव्याला घेऊ." त्यांचा हेतू वाईट नव्हता, वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. बाईंना मात्र ते पटेना. "सर, सकाळी या लेकरांची वेणीफणी जे करतं, त्यांना बोलावू," त्या म्हणाल्या.

"आजी म्हणजे पालक कशी होईल? वर कुणी विचारलं तर?"

बाईंनी कायदाच काढून दाखवला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा मुलांचा सांभाळ करणारे असावेत असं आहे, आणि निम्म्या महिला. सांभाळ करणाऱ्यांना कायद्यानं आधीच जागा दिली होती. ती रिकामी आपण ठेवली होती.

सभेला म्हाताऱ्या आल्या. पदर सावरत भिंतीकडेनं बसल्या, दाराजवळ बसल्या, सतरंजीवर कुणी येईना. एकीनं विचारलं, "बाई, पोरानं कुणाला मारलं का?" दुसरी म्हणाली, "वर्गणी किती हाय ते सांगा, लेक पैसे पाठवंल तवा देते." शाळेनं या माणसांना आजवर वर्गणीसाठी, तक्रारीसाठी आणि सहीसाठी बोलावलं होतं. चौथं कारण त्यांना ठाऊकच नव्हतं. पालक शाळेत येत नाहीत, असा शिक्षकांचा सूर नेहमी ऐकू येतो. ते येऊन काय ऐकत आले, हेही तपासायला हवं.

बाईंनी आपली अडचण सरळ सांगितली. वर्गात अपूर्णांक सुरू होते आणि निम्मी मुलं एक-चतुर्थांश हा अर्ध्यापेक्षा मोठा म्हणत होती, कारण चार हा दोनपेक्षा मोठा. फळ्यावर भाकरी काढून झाली, कागदाच्या घड्या घालून झाल्या. परीक्षेपुरतं पाठ होई आणि दुसऱ्या दिवशी चार पुन्हा मोठा होई. "तुमच्या घरात हे कसं शिकवायचे?" त्यांनी विचारलं.

"आमी अडाणी. आमाला काय इचारता?"

"बरं, मग एवढं सांगा. शेरात चिपटी किती?"

म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसल्या. "चार. मापटी दोन. कोळवी आठ. हे काय इचारायचं झालं?"

"हेच. उद्या वर्गात येऊन दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी त्यांतली एक आजी खरंच आली. नातीच्या डोक्यावर जोंधळ्याचं गठुडं आणि पिशवीत उतरंडीमागून शोधून काढलेली मापं. 1956 च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली आणि पुढं बाजारातून पायली-शेर उठले, तरी घरातून ते लगेच गेले नाहीत. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेरापासून खाली प्रत्येक पायरीला निम्मं. ज्यांनी कुणी ही मापं रचली, त्यांनी अपूर्णांकाचा सगळा धडा माणसाच्या हातात देऊन ठेवला होता.

आजीनं शिकवलं काहीच नाही. तिनं शेर भरून ठेवला आणि म्हणाली, "आता ह्यो चिपट्यानं रिकामा करा. म्होरं कोळव्यानं करा." मुलं रांगेनं मोजू लागली. चिपट्याला चार, कोळव्याला आठ, निळव्याला सोळा. जोंधळा सांडत होता, आजी ओरडत होती, "दाणा पायाखाली येऊ देऊ नगा." मोठा आकडा छाती ठोकून सांगणारा एक पोरगा हातातल्या इवल्याशा निळव्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, जेवढ्या जास्त खेपा, तेवढं माप बारकं." बाईंनी हे वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं. त्याखाली अर्धा म्हणजे मापटं, पाव म्हणजे चिपटं, असं लिहून पुढं आकडे मांडले. त्या दिवशी फळा पुसला नाही.

डहाणूकडच्या आदिवासी भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच पाड्यांवरच्या अंगणांत नेली. डी.एड.ला असताना बाईंनी ते वाचलं होतं. इथं अंगण शाळेत आलं.

पण चार-दोन दिवसांतच रात्री एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते कारखान्याच्या टायरगाडीवर होते. आवाजात राग होता. "मॅडम, म्हातारीला बोलावून जुनी मापं शिकवताय म्हणं. आमची पोर शाळंत घातली ती कोयता सुटावा म्हणून. किलो-लिटर शिकवा, इंग्लिश शिकवा. आजीचंच शिकायचं तर शाळा कशाला?"

हा प्रश्न रागानं विचारलेला असला तरी खरा होता. ज्याच्या दोन पिढ्या कोयत्यावर गेल्या, त्याला आपल्या घरातल्या शहाणपणाबद्दल शंका वाटणारच, कारण त्या शहाणपणानं त्याची उचल फिटलेली नसते. बाईंनी वाद घातला नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेल्या. आजी चुलीपुढं होती. बाईंनी तिथूनच फोन लावला आणि विचारलं, "दादा, आज गाडी किती भरली?"

"सव्वादोन टन."

"काट्यावरची पावती जवळ आहे? त्यावर काय छापलंय?"

थोडा वेळ खिसे चाचपल्याचा आवाज. "दोन पॉइंट दोनशे पन्नास."

बाईंनी तो आकडा मुलीच्या वहीवर लिहिला. 2.250. "तुझे बाबा याला सव्वादोन म्हणतात. का म्हणत असतील?" दशांश अजून शिकवलेले नव्हते. मुलगी आकड्याकडं बघत बसली. मग बाईंनी विचारलं, "अडीचशे किलोची चार पोती केली, तर सगळी मिळून किती?" तिनं बोटांवर मोजलं. हजार. हजार किलोचा टन, हे तिला बापाकडून ठाऊक होतं. ती एकदम ओरडली, "दोन शेर आन् एक चिपटं!"

पलीकडं शांतता झाली. मग बाप हसला. आजीही हसली. "आन् उद्या पावणेतीन भरली तर पावतीवर काय येईल?" त्यानं लेकीला विचारलं. शाळेतल्या गोष्टीबद्दल त्यानं तिला प्रश्न विचारल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

तिथून रोज रात्री फोन येऊ लागला. बाप पावतीवरचा आकडा वाचायचा, लेक तो लिहून बोलीत सांगायची. पावत्या काही नेहमी सरळ येत नसत. 2.310 आलं की दोघं अडत, आणि सकाळी ती वर्गात विचारायची. मग सगळा वर्ग सव्वादोनाच्या थोडं पुढं कुठं बसायचं ते शोधायचा. आईला पावती वाचता येत नव्हती. ती मोळ्या सांगायची. आज गाडीत किती मोळ्या चढल्या, कालच्यापेक्षा किती जास्त, ऊस ओला होता की वाळलेला, आणि म्हणून मोळ्या तेवढ्याच असून वजन कमी का भरलं. हे शेवटचं बाईंनाही नवं होतं. त्यांनी ते वर्गात मांडलं आणि वजन व संख्या यांतला फरक त्यावरूनच शिकवला. इतर मुलंही आपापल्या घरी फोनवर विचारू लागली. ज्यांच्याकडं फोन नव्हता, त्यांचा निरोप शेजारच्या फोनवरून जाई.

हे सगळ्यांना जमलं असं नाही. एका मुलाचे आईवडील रात्री उशिरा गाडी खाली करून झोपून जात, त्यांना बोलायला त्राण नसे. त्याच्यासाठी बाईंनी आजोबांना धरलं. त्यांना पावकी, निमकी आणि पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. ते म्हणत जात आणि वर्ग ताळा करत जाई.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. मुलीच्या वडिलांनी लेकीची वही घेतली आणि मुकादमाच्या वहीशेजारी ठेवून एकेक खेप लावली. आजवर ते मुकादम सांगेल त्या आकड्याला मान हलवत आले होते. या खेपेला त्यांनी बोट ठेवून विचारलं, आणि मुकादमाला खेपेगणिक उत्तर द्यावं लागलं. उचल फिटली नाहीच, थोडी अंगावर राहिली. पण किती राहिली आणि का राहिली, हे घरातल्या चौघांनाही नेमकं ठाऊक होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेत सभा झाली. या वेळी गावात माणसं होती आणि सतरंजी पुरली नाही. पहिला ठराव त्या वडिलांनीच मांडला: पालकांच्या सभा टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर घ्यायच्या, हिवाळ्यातल्या सभा आजी-आजोबांच्या घ्यायच्या आणि त्यांचे अंगठे पालक म्हणूनच लावून घ्यायचे. मुख्याध्यापकांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.