उजेडाचा कोन, शेजाराचं अंतर

साडेत्रेसष्ट अंश. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईची घरं कशी बांधावीत यावर जे वाद झडले, त्यांत हा आकडा केंद्रस्थानी होता. सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर १९१२ च्या सुमारास त्याचा आग्रह धरत होते. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून एवढ्या कोनात वर जाणारी रेषा कल्पावी, आणि समोरची इमारत त्या रेषेच्या आड येता कामा नये. हिशेब साधा आहे. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर दोघींच्या मध्ये मोकळं राहिलं पाहिजे. मग तळमजल्यावरच्या माणसालाही आकाश दिसेल आणि त्याच्या खोलीत हवा खेळेल.

माणूस जिथे राहतो ती जागा त्याला घडवते किंवा बिघडवते, हे आता कुणी नाकारत नाही. पण जागेतलं नेमकं काय? हवा, गर्दी, की दारं आणि जिने? गेल्या सव्वाशे वर्षांत याचं उत्तर निदान तीनदा बदललं. मुंबईचं विशेष असं, की ही तिन्ही उत्तरं तिथे भिंतींच्या रूपात उभी आहेत आणि लोकल ट्रेनने एका दिवसात पाहून होतात.

पहिलं उत्तर भीतीतून आलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. प्लेगचा जंतू दोन वर्षं आधीच हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो पिसवांमार्फत पसरतो हे अजून ठरायचं होतं. सरकारी मनात दोष होता तो कोंदट हवेचा, ओलीचा, अंधाऱ्या खोल्यांचा. म्हणून १८९८ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्त्यांमधून रुंद रस्ते काढायला घेतले. समुद्राची हवा आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आखला गेला. पाडापाडी झपाट्याने झाली, नवी घरं मात्र सावकाश उठली. ज्यांची घरं गेली ते शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले, म्हणजे गर्दी हटवण्याच्या योजनेने गर्दी फक्त पुढच्या गल्लीत नेली.

तरीही या चुकीच्या सिद्धान्तातून एक बरोबर गोष्ट हाती लागली. अंधाराचा आणि कोंदटपणाचा प्लेगशी जो संबंध लावला गेला तो कच्चा होता, क्षयाशी मात्र तो पक्का आहे. ट्रस्टने पुढे दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर वसाहती आखल्या तेव्हा दोन इमारतींमधलं अंतर, मजल्यांवरची मर्यादा, झाडं हे सगळं विचारपूर्वक आलं. हिंदू कॉलनीतून किंवा पारशी कॉलनीतून आज चालत गेलं की जो गारवा जाणवतो, त्याच्या मुळाशी प्लेगची धास्ती आहे. तो मध्यमवर्गाच्या वाट्याला आला आणि मजुरांच्या आला नाही, हेही त्याच नकाशात वाचता येतं.

ट्रस्टच्या या सरळ रेषांना त्या काळी एक खणखणीत टीकाकार भेटला, तो म्हणजे पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश माणूस शिकलेला जीवशास्त्र आणि रमलेला नगररचनेत. तो १९१४ मध्ये भारतात आला आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागला. दाट वस्ती सरसकट कापून काढण्यापेक्षा एखादं पडकं घर उचलावं, तिथे चौक मोकळा करावा, विहीर आणि झाड राखावं, बाकीच्यांना हात लावू नये, असं त्याचं म्हणणं. होळकरांच्या इंदुरात प्लेग होता तेव्हा त्याने दिवाळीत मिरवणूक काढवली. त्यात प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, आणि मिरवणूक जाणार ती ज्या भागाने घरंदारं सर्वांत स्वच्छ केली असतील तिथून, असं आधीच जाहीर केलेलं होतं. शहर आपणहून झाडून निघालं. ही युक्ती मला ट्रस्टच्या सगळ्या नकाशांपेक्षा हुशारीची वाटते. ट्रस्टच्या लेखी रहिवासी हा हवेचे घनफूट वापरणारा प्राणी होता. गेडिसला त्याच्यात आपल्या गल्लीचा अभिमान असलेला माणूस दिसला.

गेडिस मुंबईत शिकवत होता त्याच वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी बांधत होतं. त्याच बीडीडी चाळी. एकूण २०७ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर मधून जाणारा पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची, आणि संडास सामायिक. गिरगावातल्या खासगी चाळींना असते तशी एका बाजूने उघडी गॅलरी इथे नाही. आता या चाळींबद्दल आपण हळवेपणाने बोलतो, म्हणून हे सांगायला हवं की सुरुवातीला त्यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. गिरणी कामगारांना त्या नको होत्या. पुढे जे चाळीचं जगणं म्हणून ओळखलं गेलं, म्हणजे गाववाल्यांची मंडळं, खानावळी, गणपती, रात्री पॅसेजमध्ये अंथरुणं टाकून झोपणारी पोरं, ते आराखड्यात नव्हतं. लोकांनी ते नंतर आत आणलं. आणि आठवणींत नळावरची भांडणंसुद्धा गोड होतात, पण पहाटे सामायिक संडासासमोर ताटकळणाऱ्या बाईकडून हे गोडव्याचं प्रमाणपत्र कुणी घेतलं नव्हतं.

दुसरं उत्तर गर्दीचं. ते तसं जुनं. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०३ मध्येच लिहिलं होतं की महानगरातला माणूस कोरडा होतो, कारण एवढ्या लोकांना आणि एवढ्या खळबळीला मनापासून दाद देत बसलं तर तो टिकणार नाही. पण या म्हणण्याला खरी धार आली ती उंदरांमुळे. १९६२ मध्ये अमेरिकेत जॉन कॅल्हून याने बंदिस्त जागेत उंदरांची संख्या वाढू दिल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. माद्या पिल्लं टाकून देत होत्या, नर एकमेकांना चावत होते, काही उंदीर सगळ्यांपासून तुटून बसले होते. वाचणाऱ्यांना त्यात लगेच आपली शहरं दिसली. गर्दी झाली की माणूस जनावर होतो, हे वाक्य पुढाऱ्यांना आणि नगररचनाकारांना फार सोयीचं होतं, कारण मग वस्ती पांगवणं हाच उपाय उरतो.

माणसांवर पाहणी झाली तेव्हा मात्र चित्र वेगळं निघालं. रॉबर्ट मिचेल या संशोधकाने हाँगकाँगमधल्या खच्चून भरलेल्या घरांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथली दाटी आपल्या चाळींना लाजवणारी होती, पण नुसत्या दाटीने माणसं मोडलेली दिसली नाहीत. जास्त ताण सापडला तो वरच्या मजल्यांवर, जिथे नात्यात नसलेल्या कुटुंबांना एकच घर वाटून घ्यावं लागत होतं. खाली असलेल्यांना कटकट वाढली की रस्त्यावर निघून जाता येई. वरच्यांना सहजासहजी जमत नसे. म्हणजे प्रश्न माणसं किती हा नव्हता. नको असलेल्या माणसाला टाळता येतं का, हा होता.

इथे तिसऱ्या उत्तराचं दार उघडतं, आणि मला तरी हेच सर्वांत खरं वाटतं. त्याची सुरुवात १९५० मधल्या एका पुस्तकापासून धरता येईल. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी एमआयटीने बांधलेल्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं, तुमचे मित्र कोण? दुमजली इमारती, मजल्यावर पाच घरं. कुणी कोणतं घर घ्यायचं हे निवडलेलं नव्हतं, घरं आली तशी मिळाली होती. लागून असलेल्या घरांपैकी ४१ टक्के जोड्यांत जवळची मैत्री झाली होती. मध्ये एक घर असेल तर २२ टक्के. मजल्याच्या दोन टोकांना असतील तर १०. टोकाटोकांतलं अंतर जेमतेम नव्वद फूट! आणि जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त. आपण स्वभाव जुळले म्हणतो त्यातला मोठा भाग जिना कुठे काढला यावर ठरलेला होता. अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये, न्यूयॉर्कच्या जेन जेकब्जने हीच नजर रस्त्याकडे वळवली. दुकानदार, खिडकीत बसणारे, येणारे-जाणारे यांचं सहज लक्ष राहतं म्हणून गल्ली सुरक्षित असते, मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे, असं ती म्हणाली. चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही.

पण जवळीक म्हणजे स्नेह असं समीकरण मांडण्याची घाई नको. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत त्याच धर्तीवर पाहणी झाली, फक्त मित्रांबरोबर नावडत्या माणसांबद्दलही विचारलं. नावडते लोक तर मित्रांपेक्षाही जवळ राहत होते. त्याआधी दोनच वर्षं, जानेवारी १९७४ मध्ये, वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेपासून दंगल पेटली आणि पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. चाळ तीच आणि चौकही तोच. जातीने आधीच वाटलेल्या इमारती समोरासमोर उभ्या होत्या. भिंती माणसांना समोरासमोर आणतात, त्यापुढे काय व्हायचं ते समाजाने आणलेल्या गाठोड्यावर ठरतं. वास्तुरचनेने माणूस सुधारतो, या भाबड्या समजाला वरळीचं उत्तर पुरेसं आहे.

मग भिंतींच्या हातात काय उरतं? अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातल्या विद्यार्थी वसतिगृहांवर १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात याचं उत्तर सापडतं. दोन प्रकारची वसतिगृहं. दोन्हींत माणशी जागा जवळपास सारखीच. एकात लांब पॅसेजवर तीसेक मुलं एकच न्हाणीघर आणि बैठकीची खोली वापरत. दुसऱ्यात चार-सहा जणांचे वेगळे गट पाडलेले. पॅसेजवाली मुलं सतत गर्दीची तक्रार करत. दार उघडलं की कोण समोर येईल याचा नेम नसे. ही मुलं प्रयोगशाळेच्या प्रतीक्षाकक्षात परक्या माणसाबरोबर बसवली तरी त्याच्यापासून दूर बसत, त्याच्याकडे बघणं टाळत. म्हणजे पॅसेजने लावलेली सवय त्यांनी इमारतीबाहेरही आणली होती. गिरगावच्या गॅलरीत येणारा माणूस लांबूनच दिसतो. बोलायचं की आत जायचं हे ठरवायला अवधी मिळतो. मधल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये तो अवधीच नसतो.

आता गोवंडी-मानखुर्दकडे जाऊ. रस्ते, रेल्वे आणि नाल्यांच्या कामांसाठी हटवलेल्या कुटुंबांना तिथे नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड यांसारख्या वसाहतींत घरं मिळाली. २२५ चौरस फूट, घरात नळ, घरात संडास. हा फायदा लहान नाही. पण या सात-आठ मजली इमारतींमध्ये काही ठिकाणी मोकळं अंतर आहे जेमतेम तीन मीटर. ऑरच्या रेषेप्रमाणे ते दहा मीटरच्या वर असायला हवं होतं. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेने केलेल्या अभ्यासात या दोन्ही वसाहतींत क्षयाचं प्रमाण जवळच्याच, अधिक मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. प्लेगनंतरच्या पिढीने जे भीतीपोटी शिकून घेतलं होतं ते शंभर वर्षांनी नियम शिथिल करून परत दिलं गेलं. पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी किमान किती घरं बसलीच पाहिजेत हे सांगितलेलं असतं. आधी ५०० होती, मग ६५० झाली. किमान आहे, कमाल नाही. विचार पुढे गेला आणि शहर पहिल्या पायरीच्याही खाली उतरलं. याला अज्ञान म्हणता येत नाही, कारण हा कोन मुंबईतच मोजला गेला होता.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत, चाळीस मजली उंचीवर. ज्यांनी चार पिढ्या सामायिक संडास वापरला त्यांना चाळीच्या संस्कृतीची आठवण करून देणं हा उद्धटपणा ठरेल. पण लहान मूल एकटं खाली खेळायला जाऊ शकेल का, एका मजल्यावर किती दारं उघडतात, लिफ्टबाहेर दोन माणसं थांबून बोलू शकतील एवढी जागा आहे का, हे प्रश्न चौरस फुटांच्या वाटाघाटीत कुठेच नव्हते.

बॉमने नंतर आणखी एक प्रयोग केला. चाळीसेक मुलांच्या लांब पॅसेजच्या मधोमध तीन खोल्या रिकाम्या करून त्यांची बैठकीची जागा केली, दोन्ही बाजूंना दारं बसवली, आणि एका मजल्याचे वीस-वीस जणांचे दोन शेजार केले. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आले. गर्दीची तक्रार कमी झाली होती, मुलं एकमेकांना ओळखू लागली होती. विद्यापीठाला तीन खोल्या सोडणं परवडलं. मुंबईच्या पुनर्वसनात तीन खोल्या म्हणजे दर मजल्यावर तीन पात्र कुटुंबं, आणि पुनर्वसनाच्या बांधकामाच्या प्रमाणात बिल्डरला मिळणारं विक्रीचं क्षेत्रही तेवढ्याने कमी. त्या खोल्या सोडायच्या कुणी, यावर अजून कुठली योजना बोलत नाही.