शून्य पत्त्यावरून आलेली हाक

टर्मिनल उघडायचं, ‘सुडो डीएचसीपीडम्प -आय डब्ल्यूलॅन0’ एवढं टाइप करायचं आणि गप्प बसायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग कुणाचा तरी फोन वायफायच्या टप्प्यात येतो आणि काळ्या पडद्यावर वीस-पंचवीस ओळी धडाधड उमटतात. पाठवणारा: 0.0.0.0. कुणासाठी: 255.255.255.255, म्हणजे इथे जो कोणी ऐकत असेल त्या प्रत्येकासाठी. ज्याला अजून पत्ता नाही असा कुणीतरी, आपल्याला पत्ता कोण देणार हे माहीत नसताना, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक घालतो आहे.

नेटवर्क सांभाळणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. कुणाचं इंटरनेट चालेनासं झालं, दोन राउटर एकाच घरात पत्ते वाटू लागले, की ते डीएचसीपीडम्प हे छोटं हत्यार काढतात. डीएचसीपी नावाच्या व्यवहाराची बोलणी माणसाला वाचता येतील अशी उलगडून दाखवणं, इतकंच त्याचं काम. तो व्यवहार रॅल्फ ड्रोम्स यांनी मार्च 1997च्या आरएफसी 2131 या दस्तऐवजात मांडला, आणि आजही साधारण तसाच चालतो. चार बोलांची देवघेव असते. डिस्कव्हर: कुणी आहे का? ऑफर: हा पत्ता घे. रिक्वेस्ट: मग हाच दे. अ‍ॅक: दिला.

पण बिनपत्त्याच्या माणसाला उत्तर पोचवायचं कसं? प्रत्येक हाकेत फोन एक यादृच्छिक आकडा घालतो, 32 बिटांचा. उत्तर अनेकदा सगळ्यांच्याच कानावर पडतं. ज्याचा आकडा जुळेल तो ‘हे माझं’ म्हणतो. डीएचसीपीडम्पच्या पडद्यावर आणखी दोन ओळी एकाखाली एक दिसतात. ‘सीआयअ‍ॅडर’ म्हणजे मागणाऱ्याने स्वतःचा म्हणून सांगितलेला पत्ता, ‘वायआयअ‍ॅडर’ म्हणजे देणाऱ्याने ‘हा तुझा’ म्हणून दिलेला. पहिल्या हाकेत दोन्हीकडे शून्यं. ऑफर येते तेव्हा आकडा ‘तुझा’च्या ओळीत उमटतो, ‘माझा’ची ओळ शून्यावरच राहते. पुढे पत्ता पक्का झाला आणि मुदत वाढवून घ्यायची वेळ आली, की मगच फोन ती भरतो. आधी दुसऱ्याने ‘तुझा’ म्हणायचं, मग आपण ‘माझा’ म्हणायचं.

इथे मिलिंदपञ्ह हा पाली ग्रंथ आठवल्याशिवाय राहत नाही. ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, भिक्षू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन सांगतो की लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण हे हाक मारण्यापुरतं. त्या नावामागे कुणी स्वतंत्र व्यक्ती सापडायची नाही. राजा अडून बसतो. तेव्हा भिक्षू त्याला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात ना, मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव आहे, त्यामुळे ही जोडी मराठी माणसाला परकी नाही. संवादाचा शेवट मात्र अनेकदा अर्धवट सांगितला जातो. ‘रथ नाहीच’ असं नागसेन म्हणत नाही. भाग एकत्र आले की त्यांना रथ म्हणायचं, हा व्यवहार त्याला मान्य आहे.

192.168.1.23 हा आकडा असाच. फोन खोलून पाहिला तर त्याच्या कुठल्याही भागावर तो कोरलेला नाही. राउटरच्या वहीत एक ओळ आणि फोनच्या स्मृतीत तीच ओळ, एवढाच त्याचा संसार. त्यालाही मुदत आहे, सेकंदांत मोजलेली. 86400 लिहिलं असेल तर एक दिवस. अर्धी मुदत सरली की फोन राउटरकडे ती वाढवून मागतो, साडेसत्त्याऐंशी टक्के सरली तरी होकार नसेल तर दिसेल त्याला विचारतो. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्यांना ही धाकधूक वेगळी समजावायला नको. आणि तरीही त्या उसन्या पत्त्यावर पैसे पाठवले जातात, पत्रं येतात.

अद्वैती लगेच हरकत घेईल: घट बदलतील, माती तीच. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला हेच समजावतो. नेटवर्कमध्येही अशी माती आहे असं वाटायचं, ती म्हणजे यंत्राचा कारखान्यात दिलेला 48 बिटांचा मॅक पत्ता. पण 2019 साली अँड्रॉइड 10 आणि 2020 साली आयओएस 14 आलं, आणि फोन प्रत्येक वायफायला वेगळा, मनाने बनवलेला मॅक सांगू लागले. पाळत टाळण्यासाठी केलेली ही सोय. मातीनेही वेषांतर केलं म्हणायचं. कारखान्यातला आकडा आत असतोच, पण व्यवहारात तो पुढे येत नाही.

मग ओळख पुसली गेली? नाही, आणि डीएचसीपीडम्पचा खरा मासला इथे आहे. पर्याय क्रमांक 55 बघा. त्यात यंत्र आपल्याला काय काय हवं ते सांगतं: नेटवर्कचा मास्क, राउटर, नामसेवक वगैरे. प्रत्येक प्रणालीची मागणी वेगळी, मागण्याचा क्रमही वेगळा. विंडोज 249 क्रमांकाचा पर्याय मागतं, जो मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा आहे. नाव लपवलं, मॅक बदलला, तरी मागण्यांच्या यादीवरून जाणकार ओळखतो की हा कोण असावा. 2016च्या आरएफसी 7844मध्ये म्हणूनच सल्ला आहे की अनामिक राहायचं असेल तर मागणं कमी करा. बुद्धाने तण्हेबद्दल, म्हणजे तृष्णेबद्दल, जे सांगितलं त्याची आठवण इथे कुणाला आली तर दोष देता येणार नाही. अर्थात फोनला दुःख नसतं, तेव्हा साम्य ताणायचं ते इथपर्यंतच.

कुणी टिकाऊ ‘मी’ आहे की नाही, यावर हे हत्यार निवाडा देत नाही. देऊच शकत नाही. त्याला फक्त बोलणी ऐकू येतात, तीही सगळी नव्हेत. मुदतवाढीची विनंती थेट राउटरला जाते, बाजूच्या संगणकावर ती सहसा दिसतही नाही. नागसेनाचं पारडं जड वाटतं ते याच कारणाने: व्यवहार चालवायला आत कोण आहे हे ठरवावं लागत नाही.

निरोप घ्यायलाही या भाषेत शब्द आहे. संदेश प्रकार 7, रिलीज: पत्ता परत घ्या, मी निघालो. बरेच फोन तो पाठवतच नाहीत. मालक दाराबाहेर पडतो, फोन टप्प्याबाहेर जातो, आणि राउटरच्या वहीत ती ओळ मुदत सरेपर्यंत त्याच्याच नावावर राहते.