हरणाऱ्यांचा पुढचा रविवार

दिवाळी सरली, सोयाबीन घरात आलं की बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांच्या फाट्यांवर फलक लागतात : 'भव्य खुले कबड्डी सामने'. वर नेत्यांचे हसरे फोटो, खाली बक्षिसांचे आकडे. हॅलोजनच्या उजेडात मध्यरात्रीपर्यंत मैदान घुमतं, समालोचकाचा आवाज शिवारभर जातो. समजा 32 संघ आले, तर बाद पद्धतीत त्यातले 16 पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळतात. प्रवेश फी भरून, टेम्पो ठरवून आलेल्या पोरांच्या वाट्याला येतो जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ.

नेदरलँड्समधल्या हौशी फुटबॉलचं गणित याच्या उलट आहे. तिथं अगदी तळाच्या श्रेणीतही साखळी सामने होतात. गटात 12 संघ असतील आणि प्रत्येकाशी एकदा घरच्या, एकदा परक्या मैदानावर खेळायचं असेल, तर सगळे सामने हरणाऱ्या संघालाही 22 सामने मिळतात. शनिवारी सहा गोल खाल्ले, तरी पुढच्या शनिवारी बूट बांधायचेच असतात.

सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकसंख्येच्या त्या देशात जवळपास तीन हजार क्लब आणि बारा लाखांच्या आसपास सभासद आहेत. तळाच्या संघांतले खेळाडू पैसे घेत नाहीत, उलट वर्षाची वर्गणी भरतात. मैदान बहुधा नगरपालिकेचं. रेषेवर झेंडा घेऊन पळणारा सहायक पंच क्लब आपल्यातूनच देतो. कॅन्टीनमध्ये सूप वाढणारी बाईही सभासदच, नाहीतर कुणा खेळाडूची आई. पस्तिशी ओलांडलेल्यांचे वेगळे संघ असतात आणि साठीनंतर न पळता, चालत खेळायचं फुटबॉलही असतं. रविवारी खेळणं कर्मठ प्रोटेस्टंटांना मान्य नव्हतं, म्हणून कित्येक वर्षं शनिवारचे आणि रविवारचे सामने वेगळ्या गटांत चालले. स्पाकेनबर्ग या एकेकाळच्या मच्छीमार गावात तर लाल आणि निळा असे दोन क्लब शेजारशेजारच्या मैदानांवर नांदतात. 2023 साली यातल्या निळ्यांनी राष्ट्रीय चषकात व्यावसायिक उट्रेख्टला 4-1 अशी धूळ चारली आणि उपांत्य फेरीत बलाढ्य पीएसव्हीशी ते 1-2 असे हरले.

'हे तिकडंच जमतं' असं म्हणायला कोल्हापूर जागा ठेवत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब : पेठांच्या तालमी आणि मंडळांनी तिथं फुटबॉल रुजवला. कुस्तीची माती आणि गणपतीची मिरवणूक सांभाळणाऱ्या याच घरांतून संघ निघाले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन त्यांची साखळी स्पर्धा भरवते आणि शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. समर्थकांची हाणामारी, पोलीस बंदोबस्त हेही त्याच निष्ठेचं वाईट अंग. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. तरी संघ टिकतात, कारण त्यांच्यामागं पेठ उभी असते.

मग बुलढाण्यात अडतं कुठं? गुणवत्तेचा तर इथं तुटवडा नाही. मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं कंपाउंड तिरंदाजीच्या अंतिम फेरीत जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं. श्लोसर डच, हा योगायोगच. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या त्रिकुटातही प्रथमेश होता.

प्रश्न उरतो तो प्रथमेश न होणाऱ्या हजारोंचा. शाळेत आंतरशालेय सामने असतात, दहावी-बारावीला क्रीडागुणांची आशा असते. पुढं मैदानाशी नातं राहतं ते पोलीस भरतीपुरतं : पहाटे 1600 मीटरची धाव, गोळाफेक, हातात मोबाइलचं घड्याळ. भरती झाली की पोरगा गावाबाहेर, वय उलटलं की मैदानाबाहेर. पंचविशीतल्या गड्याला आठवड्यातून एकदा संघात उभं राहता येईल अशी सोय गावोगाव दिसत नाही.

त्यासाठी क्रीडा संकुलाची वाट पाहायला नको. चिखली तालुक्यातलं अमडापूर, केळवद आणि आजूबाजूची सहा गावं घ्या. कबड्डी असो की फुटबॉल, आठ संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर प्रत्येकाला 14 सामने मिळतात. दिवाळीनंतर रविवार धरून खेळलं तर उन्हं तापायच्या आत साखळी आटोपते. पंच शेजारच्या गावानं द्यावा, चुना यजमानांनी आखावा, चहा पाहुण्यांना मिळावा. पहिल्या बक्षिसाची रक्कम निम्मी करून उरलेल्या पैशांत प्रवासखर्च भागवावा. यंदा फलक छापायला टाकण्याआधी मंडळांनी एवढं करावं : बक्षिसांच्या आकड्यांखाली 14 रविवारांचं वेळापत्रकही छापावं.