पाळ गावाची

गोंदिया जिल्ह्यात फिरताना धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला कुठे ना कुठे तलाव दिसतोच. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नवेगाव बांधचा तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांधला, असं लोक सांगतात. पाणी आधी कुणाच्या बांधीत सोडायचं, पाळ खचली तर माती कुणी टाकायची, हे गावातच ठरायचं. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवरचा गावाचा हात सुटला. कित्येक तलाव गाळाने भरत गेले.

लिनक्स म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला हे तलाव आठवतात. पुष्कळांना वाटतं, ते फुकटातलं विंडोज. फुकट आहेच, पण ती त्यातली लहान गोष्ट. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. कुणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. बदललेलं पुढे दिलं तर तेही खुलंच ठेवावं. अँड्रॉइड फोनमध्येही हाच गाभा आहे.

‘आम्हाला कुठे प्रोग्रामिंग येतं?’ असं लोक म्हणतात. पाळ बांधायचं कसबही गावात सगळ्यांना नव्हतं. ज्याला होतं त्याला कुणी अडवत नव्हतं, आणि पाणी सगळ्यांच्या धानाला मिळत होतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 च्या नेहमीच्या मोफत सुधारणा थांबल्या. विंडोज 11 बऱ्याच जुन्या संगणकांना चालत नाही. माझा लॅपटॉप त्यातलाच. कीबोर्ड शाबूत, स्क्रीन स्वच्छ, तरी निकालात निघालेला. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) घेतलं आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. आतल्या एकाही फाइलला हात न लावता वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तपासलं, मगच ते बसवलं. आता त्यावर सातबारा उघडतो, मुलांचा अभ्यास होतो. मेनूतला एखादा मराठी शब्द खटकला तर सुधारून पाठवता येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राइस मिलचा हिशेब टॅलीवर असेल तर विंडोज राहू द्या. एखादा जुना प्रिंटरही अडून बसतो. पण घरचा संगणक भंगारात देण्याआधी एक संध्याकाळ पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. आणि बसवायचं ठरलं, तर आधी फोटो नि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा.